ऑटोक्लेव्हची खरी परीक्षा: बीजाणू चाचणी कशी करावी, निकाल कसा वाचावा

भोसरी, तळवडे, चिखली किंवा चाकण-महाळुंगेच्या एखाद्या शॉपमध्ये प्रेसखाली हात सापडला की कामगाराला आधी जवळच्या हॉस्पिटलात नेतात. पुष्कळदा ते दहा-वीस खाटांचे असते. जखमेत तेल, लोखंडाचा चुरा आणि माती गेलेली असते. अशा जखमेत डॉक्टरांना दोन आजारांची धास्ती असते: धनुर्वात आणि गॅस गँग्रीन. दोन्हींचे जिवाणू मातीत राहतात, दोन्ही बीजाणू म्हणजे स्पोअर तयार करतात आणि बीजाणूच्या अवस्थेत ते उकळत्या पाण्यालाही सहजी दाद देत नाहीत. आज ज्या चिमट्याने ही जखम साफ केली, तोच चिमटा उद्या एखाद्या सिझेरियनच्या ट्रेमध्ये असतो. मधल्या वेळेत त्या चिमट्याचे काय झाले, यावर दुसऱ्या रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

मधल्या वेळेत तो ऑटोक्लेव्हमध्ये जाऊन आलेला असतो. मीटरवर दाब दिसला, टेपवर काळे पट्टे उमटले, वहीत सही झाली. पण आतले जंतू मेले का, हे मीटर सांगू शकत नाही आणि टेपही सांगू शकत नाही. त्यासाठी एक सरळ चाचणी आहे. अतिशय चिवट जिवाणूचे बीजाणू, संख्या मोजून, मुद्दाम यंत्रात ठेवायचे आणि सायकल संपल्यावर त्यातला एखादा तरी वाढतो का ते पाहायचे. एकही वाढला नाही तर त्याहून नाजूक असलेले धनुर्वाताचे, गँग्रीनचे आणि बाकीचे जंतू मेले असे खात्रीने म्हणता येते. ओटीच्या सिस्टर, निर्जंतुकीकरण विभागातले (सीएसएसडी) तंत्रज्ञ, दंतवैद्य, पॅथॉलॉजी लॅब चालवणारे आणि लहान औषध कारखान्यांतले गुणवत्ता विभाग, या सगळ्यांना ही चाचणी स्वतः करता आली पाहिजे. ती कशी करायची हे पुढे पायरीपायरीने दिले आहे.

कामाला येणारा जिवाणू

वाफेच्या ऑटोक्लेव्हसाठी जो जिवाणू वापरतात त्याचे नाव जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. 1920 साली पी. जे. डोंक या अमेरिकी संशोधकाने मका आणि शेंगांच्या बिघडलेल्या डबाबंद मालातून तो वेगळा काढला. डबे कारखान्यात व्यवस्थित तापवलेले होते, तरी आतला माल आंबला होता. हा जिवाणू वायू सोडत नाही, म्हणून डबा फुगत नाही आणि बाहेरून काही कळत नाही. डबाबंद उद्योगाला डोकेदुखी ठरलेला हा चिवटपणाच पुढे निर्जंतुकीकरणाच्या परीक्षेत उपयोगी पडला. 2001 मध्ये त्याचे कूळ बदलून जिओबॅसिलस असे केले गेले. जुन्या पुस्तकांत आणि काही वेष्टनांवर अजून बॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस असे छापलेले दिसते. जिवाणू तोच आहे.

बीजाणू इतका टिकतो तो त्याच्या रचनेमुळे. परिस्थिती बिघडली की जिवाणू आपला डीएनए आणि मोजकी प्रथिने एका गाभ्यात बंद करतो. या गाभ्यातले पाणी खूप कमी केलेले असते आणि त्यात कॅल्शियमशी जोडलेले डायपिकोलिनिक आम्ल भरलेले असते. हे आम्ल बीजाणूच्या कोरड्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके असते. खास प्रथिने डीएनएला चिकटून त्याचे रक्षण करतात आणि वरून आवरणांचे थर असतात. पाणी इतके कमी म्हटल्यावर प्रथिने उष्णतेने लवकर बिघडत नाहीत. ओली वाफ मारक ठरते, कारण ती उष्णतेबरोबर ओलावाही आत नेते. म्हणून 121 अंशांची वाफ मिनिटांत जे करते, त्यासाठी कोरड्या हवेला 160 अंशांवर दोन तास लागतात.

आणखी एक गोष्ट सोयीची आहे. हा जिवाणू 55 ते 60 अंशांच्या उबेत वाढतो आणि माणसाच्या शरीराच्या 37 अंशांत त्याची वाढ होत नाही म्हटले तरी चालेल. त्यामुळे तो आपल्याला आजारी पाडत नाही. हॉस्पिटलात परीक्षेसाठी तो आणणे सुरक्षित आहे.

पिंपरीला वाफ आणि बीजाणूंचा हा झगडा नवा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि 1955 पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिनची बुरशी टाकीत वाढवायची तर टाकी, नळ, पोषकद्रव आणि आत जाणारी हवा हे सगळे निर्जंतुक लागते. बॅसिलस कुळातले कित्येक जिवाणू पेनिसिलिनेज नावाचे विकर सोडतात. असा एक जिवाणू टाकीत शिरला तर तयार झालेले पेनिसिलिन तो तिथेच नष्ट करतो. वाफेने बीजाणू मारण्याची शिस्त हा या उद्योगाचा पाया आहे. आपल्या दहा खाटांच्या हॉस्पिटलाला तीच शिस्त हवी.

दहा लाखांचा हिशेब

चाचणीसाठी बीजाणू लावलेली तयार पट्टी (इंडिकेटर) मिळते; तिच्यावर साधारण दहा लाख बीजाणू असतात. वेष्टनावर डी-मूल्य छापलेले असते. ठरलेल्या तापमानाला दहातले नऊ बीजाणू मरायला जितकी मिनिटे लागतात, ते डी-मूल्य. समजा ते 121 अंशांना 2 मिनिटे आहे. मग 2 मिनिटांनी दहा लाखांचे एक लाख उरतात, 4 मिनिटांनी दहा हजार, 6 मिनिटांनी एक हजार आणि 12 मिनिटांनी एक. 14 मिनिटांनी दहा पट्ट्यांमागे एका पट्टीवर एक बीजाणू जिवंत सापडेल. 20 मिनिटांनी दहा हजार पट्ट्यांमागे एकीवर सापडेल. म्हणजे 20 मिनिटे खरोखर 121 अंश मिळाले तर पट्टी मेलेलीच निघाली पाहिजे.

आता तापमान तीनच अंशांनी कमी धरा. या जिवाणूचे डी-मूल्य तापमान दहा अंशांनी घसरले की साधारण दहापट होते. तीन अंशांची घट झाली की ते दुप्पट होते, म्हणजे 4 मिनिटे. आता 20 मिनिटांत फक्त पाच टप्पे पडतात आणि पट्टीवर दहाएक बीजाणू जिवंत राहतात. उबेत ठेवले की ते वाढतात आणि चाचणी नापास होते. तीन अंशांचा फरक डोळ्याला कळत नाही, जुन्या मीटरलाही कळत नाही. बीजाणूंना तो कळतो.

आपल्या उंचीचा प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठी हवेचा दाब दर चौरस इंचाला 14.7 पौंड असतो, आपल्याकडे तो साधारण 13.8 पौंड भरतो. म्हणूनच इथे पाणी 100 ऐवजी सुमारे 98 अंशांनाच उकळते.

ऑटोक्लेव्हचा साधा मीटर बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे एवढेच दाखवतो. मुंबईत मीटरवर 15 पौंड दिसले की शुद्ध वाफेचे तापमान 121 अंश असते. पिंपरीत त्याच 15 पौंडांना ते 120 अंशांच्या आसपास राहते. हा एक अंश किरकोळ वाटतो, पण वरच्या हिशेबाने डी-मूल्य 2 मिनिटांवरून अडीच मिनिटांवर जाते. म्हणून दोन गोष्टी करा. यंत्राला तापमापक असेल तर घड्याळ तापमान पाहूनच सुरू करा, दाब पाहून नव्हे. फक्त दाबाचा मीटर असेल तर कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला आपल्या उंचीप्रमाणे व्हॉल्व्ह बसवायला सांगा. आपल्याकडे 121 अंशांसाठी साधारण 16 पौंड लागतात. व्हॉल्व्हशी घरच्या घरी खटपट करू नका.

हवा अडकली की वाफ हरते

चाचणी नापास होण्यामागे बहुधा आत अडकलेली हवा असते. हवा आणि वाफ मिळून मीटरवर दाब पूर्ण दाखवतात, पण मिश्रणाचे तापमान कमी राहते. शिवाय हवा वाफेपेक्षा जड असल्याने तळाशी आणि गाठोड्याच्या मध्यभागी साचून राहते. वरचा चिमटा निर्जंतुक होतो आणि ड्रममधल्या मधल्या गॉजपर्यंत वाफ पोचतच नाही.

कुकरसारख्या लहान ऑटोक्लेव्हमध्ये पाणी उकळून वाफेचा सरळ, अखंड झोत येऊ लागला की आणखी काही मिनिटे तो तसाच वाहू द्या. पुस्तिकेत दिलेली वेळ पाळा आणि मगच व्हॉल्व्ह बंद करा. घाईत आधीच बंद केला तर सगळी हवा आतच राहते. ड्रमच्या बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवून लोड करा आणि बाहेर काढल्याबरोबर बंद करा. वाट्या, किडनी ट्रे, बाटल्या पालथ्या किंवा आडव्या ठेवा, म्हणजे त्यांत हवेचे तळे साचणार नाही. गाठोडी एकमेकांवर दाबून कोंबू नका, मध्ये हात जाईल इतकी जागा सोडा. व्हॅक्यूमच्या मोठ्या यंत्राला रोज सकाळी, रिकाम्या यंत्रात, बोवी-डिक चाचणी लावा. जे. एच. बोवी आणि जे. डिक यांनी 1963 मध्ये मांडलेली ही चाचणी हवा पूर्ण निघते की नाही तेवढेच सांगते, जंतू मेल्याचे सांगत नाही.

बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरत असाल तर हीटर, नळ्या आणि व्हॉल्व्हवर खार चढतो. डिस्टिल्ड किंवा क्षार काढलेले पाणीच वापरा.

टेप, रासायनिक पट्टी आणि बीजाणू

तिन्हींचे काम वेगळे आहे. गाठोड्यावरची टेप काळी झाली म्हणजे गाठोडे यंत्रात जाऊन आले, यापलीकडे तिचा अर्थ नाही. आत ठेवायची चांगल्या प्रतीची रासायनिक पट्टी तापमान, वेळ आणि वाफ या तिन्ही गोष्टी त्या जागी पोचल्या का ते दाखवते. ती प्रत्येक गाठोड्यात असावी. बीजाणू चाचणी जंतू खरोखर मेल्याचा पुरावा देते. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

बीजाणू चाचणीलाही मर्यादा आहेत. चिमट्याच्या सांध्यात रक्त सुकलेले असेल तर त्याखालचे जंतू वाफेपासून वाचतात. पट्टी तरीही पास होईल, कारण पट्टीवर रक्त नसते. म्हणून अवजार आधी घासून, सांधे उघडून, ब्रशने धुतलेच पाहिजे. बाहेर निघालेले गाठोडे ओले असेल, तर चाचणी पास असली तरी ते वापरू नका. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत शिरतात आणि पावसाळ्यात हा धोका वाढतो.

कोणत्या यंत्राला कोणता जिवाणू

वाफेच्या ऑटोक्लेव्हला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेवर किंवा प्लाझ्मावर चालणाऱ्या यंत्रालाही हाच, पण त्यासाठी वेगळ्या बनावटीचा इंडिकेटर लागतो. कागदी पट्टी पेरॉक्साइड शोषून घेते, म्हणून ती तिथे चालत नाही. इथिलीन ऑक्साइडच्या म्हणजे ईटीओच्या यंत्राला आणि कोरड्या उष्णतेच्या ओव्हनला बॅसिलस ॲट्रोफिअस वापरतात. तो 35 ते 37 अंशांत वाढतो. जुन्या कागदपत्रांत हाच जिवाणू बॅसिलस सबटिलिस नायजर या नावाने भेटतो. गॅमा किरणांसाठी बॅसिलस प्युमिलस वापरत असत. आता तिथे किरणांची मात्रा थेट मोजण्यावर भर असतो.

हॉस्पिटलाबाहेरही हीच पद्धत चालते. 2001 मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठवले गेले. तेव्हा दूषित इमारती क्लोरीन डायऑक्साइड वायूने शुद्ध केल्या आणि वायूने काम केले की नाही हे खोल्याखोल्यांत बीजाणूंच्या पट्ट्या ठेवून तपासले. औषध कारखान्यातली निर्जंतुक खोली किंवा आयसोलेटर पेरॉक्साइडच्या वाफेने शुद्ध करताना कोपरे, दरवाजाच्या फटी, हातमोज्यांच्या घड्या अशा अवघड जागी बीजाणू ठेवण्यामागे तोच विचार आहे.

चाचणी: पायरीपायरीने

*खरेदी आणि साठवण.* बंद कुपीचा इंडिकेटर लहान ठिकाणी सोयीचा. त्यात बीजाणूंची पट्टी आणि जांभळे पोषकद्रव एकाच प्लॅस्टिक नळीत असते, द्रव आतल्या काचेच्या कुपीत. नुसती कागदी पट्टी स्वस्त, पण ती लॅबमध्ये निर्जंतुक हाताने पोषकद्रवात टाकावी लागते. वेष्टनावर जिवाणूचे नाव, बीजाणूंची संख्या, डी-मूल्य, लॉट क्रमांक आणि मुदत असे पाच तपशील पाहूनच घ्या. खोलीच्या तापमानाला, ऊन आणि जंतुनाशकांच्या वाफांपासून दूर ठेवा. बाटलीभर पेरॉक्साइडशेजारी ठेवलेला इंडिकेटर यंत्रात जाण्याआधीच मेलेला असू शकतो.

*वार ठरवा.* आठवड्यातून किमान एकदा चाचणी करा. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते आणि त्याच दिवशी वीज कंपनीची दुरुस्तीची कामेही निघतात. दिवसभर बंद राहिलेले यंत्र शुक्रवारी पहिल्यांदा चालते. म्हणून शुक्रवारचा पहिला लोड चाचणीसाठी चांगला. सायकल चालू असताना वीज गेली, तर ती सायकल मोडली असेच धरा. वीज आल्यावर राहिलेली मिनिटे पुरी करू नका, पहिल्यापासून पुन्हा चालवा. हाड जोडण्याच्या प्लेट, स्क्रू, रॉड यांच्या लोडमध्ये मात्र दर वेळी इंडिकेटर ठेवा आणि तातडी नसेल तर निकाल येईपर्यंत ते इम्प्लांट वापरू नका. या पट्ट्यात अपघातांमुळे अशी ऑपरेशने वारंवार होतात.

*जागा.* इंडिकेटर जिथे वाफ सर्वांत कष्टाने पोचते तिथे ठेवा: गाठोड्याच्या मध्यभागी, आणि ते गाठोडे खालच्या कप्प्यात, ड्रेनजवळ. यंत्र नेहमीसारखे भरलेले असू द्या. वरच्या कप्प्यात, दारापाशी, मोकळ्या ट्रेमध्ये ठेवलेली कुपी पासच होणार. अशी चाचणी करून स्वतःची फसवणूक होते. कुपी यंत्रात जाण्याआधी फोडायची नाही, हे नव्या माणसाला आवर्जून सांगा.

*जोडीची कुपी.* त्याच लॉटची एक कुपी यंत्रात न घालता बाहेर ठेवा. हिला कंट्रोल म्हणतात. हिच्याविना केलेली चाचणी धरू नका.

*उब.* सायकल संपल्यावर कुपी निदान दहा मिनिटे गार होऊ द्या, डोळ्यांवर चष्मा लावा, मग आतली काच फोडा. कंट्रोलही त्याच वेळी फोडा. दोन्हींवर तारीख आणि सायकल क्रमांक लिहा आणि 55 ते 60 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. इथे एक चूक फार ठिकाणी होते: लॅबमधल्या नेहमीच्या 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये कुपी ठेवली जाते. तिथे हा जिवाणू जिवंत असला तरी वाढत नाही, रंग बदलत नाही आणि वर्षभर सगळे निकाल पास येत राहतात. कंट्रोल ठेवला तर ही चूक पहिल्याच दिवशी पकडली जाते, कारण तोही पिवळा होत नाही.

*वाचन.* बंद कुपी साधारणतः 24 आणि 48 तासांनी पाहतात, कागदी पट्टी सात दिवसांपर्यंत. वेष्टनावर दिलेली वेळ पाळा. जिवाणू वाढला की आम्ल तयार होते आणि जांभळा द्रव पिवळा पडतो. जिवाणूच्या विकरामुळे येणारी चमक मोजून काही तासांत किंवा त्याहून लवकर निकाल देणारे महागडे प्रकारही मिळतात. इम्प्लांटची कामे जास्त असलेल्या हॉस्पिटलांना ते परवडावेत.

निकालाचा अर्थ

यंत्रातली कुपी जांभळी आणि कंट्रोल पिवळा: चाचणी पास.

दोन्ही पिवळ्या: यंत्रात बीजाणू जगले, चाचणी नापास.

दोन्ही जांभळ्या: चाचणीच झाली नाही. माल मेलेला आहे किंवा इन्क्युबेटर चुकीच्या तापमानावर आहे. कारण शोधा आणि पुन्हा करा. याला पास लिहिणे ही नोंदवहीतली सर्वांत घातक चूक आहे.

वाचून झालेल्या पिवळ्या कुप्या कचऱ्यात टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह करा.

नापास झाली तर

पहिली गोष्ट, ते यंत्र ताबडतोब वापरातून काढा आणि त्यावर कागद लावा. दुसरी, त्या यंत्रातून निघालेली आणि अजून न वापरलेली सगळी गाठोडी कपाटातून बाजूला काढा. तिसरी, इन्फेक्शन कंट्रोल पाहणाऱ्या डॉक्टरांना कळवा. मग त्या सायकलचे तापमान आणि वेळ तपासा, आतल्या रासायनिक पट्ट्या पाहा, लोड किती भरला होता ते विचारा, दाराचे गॅस्केट, ड्रेनची जाळी आणि तापमापक तपासा. जाळीत धाग्यांचा लगदा अडकणे, गॅस्केट कडक होऊन वाफ गळणे आणि लोड ठासून भरणे ही नेहमीची कारणे आहेत.

त्याच जागी इंडिकेटर ठेवून चाचणी पुन्हा करा. दुसरी चाचणीही नापास झाली किंवा यंत्रात दोष सापडला, तर शेवटच्या पास चाचणीनंतर निघालेला सगळा माल परत बोलवा, पुन्हा धुऊन दुसऱ्या यंत्रात निर्जंतुक करा आणि त्यातली अवजारे कोणत्या रुग्णांना वापरली त्याची यादी डॉक्टरांकडे द्या. मोठी दुरुस्ती झाल्यावर, रिकाम्या यंत्रात ओळीने तीन चाचण्या पास झाल्या तरच यंत्र पुन्हा कामाला लावा. दोष न शोधता, पास येईपर्यंत चाचण्या करत राहणे म्हणजे चाचणी न करणेच.

हॉस्पिटलच्या मालकांना आणि डॉक्टरांना एक विनंती. नापास निकाल घेऊन आलेल्या सिस्टरवर किंवा मावशींवर ओरडू नका. एकदा ओरडा बसला की पुढचा पिवळा निकाल वहीपर्यंत पोचत नाही. ज्याने तो आणून दाखवला, त्याने तुमच्या रुग्णांना वाचवले आहे, आणि तसे त्याला सांगा.

कचऱ्याचा ऑटोक्लेव्ह आणि कायदा

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 हे वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयापासून ते निगडीतल्या एका खोलीच्या लॅबपर्यंत सर्वांना लागू आहेत. लॅबमधला सूक्ष्मजीवांचा कचरा, रक्ताचे नमुने आणि रक्तपिशव्या यांच्यावर सामायिक प्रक्रिया केंद्राकडे देण्याआधी जागेवरच प्रक्रिया करावी लागते. कचऱ्याचा ऑटोक्लेव्ह त्याच कामासाठी राखून ठेवलेला हवा. अवजारे आणि कचरा एकाच यंत्रात, असे चालत नाही.

नियमांतले आकडे पाठ असू द्या. साध्या गुरुत्व पद्धतीच्या यंत्रात कचऱ्याला 121 अंश आणि 15 पौंडांवर किमान 60 मिनिटे, व्हॅक्यूमच्या यंत्रात त्याच तापमान-दाबाला किमान 45 मिनिटे. तापमान आणि दाब जास्त असेल तर वेळ कमी लागते. प्रत्येक लोडला रासायनिक पट्टी किंवा टेप, आणि आठवड्यातून किमान एकदा किमान दहा लाख बीजाणू असलेला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचा इंडिकेटर. नवे यंत्र बसवताना चार पट्ट्या घ्यायच्या. एक बाहेर कंट्रोल म्हणून ठेवायची आणि तीन कचऱ्याच्या तीन डब्यांच्या मध्यभागी. त्यातला निदान एक डबा वाफ सर्वांत अवघडपणे पोचते अशा जागी असला पाहिजे. ही परीक्षा ओळीने तीनदा पास व्हावी लागते. कचरा ओला, घट्ट आणि पिशव्यांत बांधलेला असतो, म्हणूनच त्याला अवजारांपेक्षा जास्त वेळ दिला आहे. गुंडाळलेल्या अवजारांना गुरुत्व पद्धतीत 121 अंशांवर 30 मिनिटे आणि वर सुकवण्याची वेळ पुरते.

वहीत काय लिहावे

तारीख, यंत्राचा क्रमांक, त्या दिवशीची कितवी सायकल, लोडमध्ये काय होते, गाठलेले तापमान आणि वेळ, इंडिकेटरचा लॉट आणि मुदत, तो कुठे ठेवला, इन्क्युबेटरचे तापमान, दोन्ही कुप्यांचा रंग, वाचणाऱ्याचे नाव आणि सही. एवढे एका ओळीत बसते. प्रत्येक गाठोड्यावरही सायकल क्रमांक आणि तारीख लिहा, नाहीतर वेळ आली तेव्हा कोणते परत बोलवायचे ते कळणार नाही. कचऱ्यासंबंधीच्या नोंदी नियमाप्रमाणे पाच वर्षे जपायच्या आहेत. अवजारांच्या नोंदीही तितक्याच जपा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी आला तर ही वही दाखवता येतेच, पण तिचा खरा उपयोग वेगळा आहे: एखाद्या रुग्णाची जखम चिघळली, तर त्याला कोणत्या सायकलची अवजारे वापरली होती हे तिच्यातूनच सापडते.

या सगळ्याला आठवड्यातून एक इंडिकेटर, एक कंट्रोल, साठ अंशांची एक लहान उबपेटी आणि जबाबदारीने वाचणारा एक माणूस लागतो. ऑटोक्लेव्हच्या किमतीच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. प्रेसवर बोटे गमावलेल्या कामगाराला आपले हॉस्पिटल निवडण्याची सवड नसते. समोर येईल त्या दारातून तो आत येतो. तुमच्याकडे अजून ही चाचणी होत नसेल, तर याच आठवड्यात इंडिकेटर मागवा आणि येत्या शुक्रवारच्या पहिल्या लोडपासून सुरुवात करा.